चार वास आणि आठ डब्या

११ ऑगस्ट, सोमवार

लवंग: नाही. लिंबू: नाही. गुलाबपाणी: नाही. निलगिरीचं तेल: झोंबलं, वास नाही.

डॉक्टरांनी एवढंच लिहायला सांगितलं आहे. रोज सकाळ-संध्याकाळ हे चार वास घ्यायचे आणि आला की नाही ते वहीत टिपायचं. "येईल हळूहळू. कधी काही महिने लागतात, कधी..." पुढचं ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. जुलैतला ताप पाच दिवसांत गेला, पण जाताना माझं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर आहे, चष्मा त्यावरच बसतो, फक्त त्याला दुसरं काम उरलेलं नाही.

घरात सांगितलं की चष्म्याचा नंबर तपासायला गेले होते. यांनी पेपरातून मान वर न काढता "वाढला का?" विचारलं. मी "थोडा" म्हटलं. यांना कळायची भीती नाही. चाळीस वर्षं तंबाखू खाऊन यांच्या नाकाने माझ्या कितीतरी आधी राजीनामा दिलेला आहे.

पण बाकीच्यांना कळलं तर? अख्ख्या अमरावतीत लोक 'रुख्मिणीबाईचा काळा मसाला' म्हणून नाव घेतात. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातल्या बाया बसने येऊन नेतात. आणि मला आईने शिकवला तो मसाला बिनमापाचा. धने किती, दगडफूल किती, खोबरं किती वेळ भाजायचं, यातलं काही म्हणजे काही कागदावर नाही. "वास आला की उतरव," एवढीच आईची कृती. तेवढ्यावर मी तीस वर्षं मसाला केला, आणि चार माणसांत मान मिळवला तोही तेवढ्यावरच. आता वासच येत नाही तर कढई उतरवायची केव्हा?

लपवायचं ठरवलं आहे. निदान दिवाळीपर्यंत. वही तांदळाच्या कोठीत ठेवते. तिकडे हे कधी फिरकत नाहीत.

१९ ऑगस्ट

चारही नाही.

आज मसाल्याचा घाणा काढला. पार्वताबाई बारा वर्षांपासून माझ्या हाताखाली आहे, पण अलीकडे तिचं काही खरं नाही. खोबरं कढईत होतं, मी सराटा फिरवत होते, रंगावरून अंदाज घेत होते, तेवढ्यात ही कपाळाला हात लावून म्हणते, "बाई, मले चक्कर येऊन राहिली. उतरवा ते, धरा मले." उतरवलं. तिला गुळाचा खडा दिला. दोन मिनिटांत टुणटुणीत.

मग धने भाजताना म्हणे, "तुमचा फोन वाजून राहिला नं, आत." मी आत गेले तर फोन गप्प. परत येईपर्यंत तिने कढई खाली उतरवून धने परातीत पसरलेले. मला न विचारता! मी रागावले. ती म्हणाली, "चुकलं बाई," आणि झाडू घेऊन बसली.

वय झालं तिचं. चक्कर येते, कानही भलतंच ऐकतात. दिवाळीनंतर दुसरी बाई पाहावी लागेल. वाईट वाटतं, पण धंद्यात भिडस्त राहून चालत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला. आज बाजारात नासिरभाईंच्या दुकानी गेले. धने तळहातावर चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि मग त्यांच्या मालाला नावं ठेवायची, ही आमची वीस वर्षांची रीत. आजही चोळले, नाकाशी नेले, आणि नावं ठेवायला काही सुचेना. "चांगले आहेत, बांधा," म्हटलं.

नासिरभाई माझ्याकडे बघतच राहिले. "भाभी, तबियत ठीक हाय नं?"

"मले काय धाड भरली?"

त्यांनी ते पोतं पायाने मागे सरकवलं आणि आतून दुसरं आणायला लावलं. "ते राहू द्या. तुमी हे न्या."

त्यात काही तरी चालाखी असणार. व्यापारी माणूस आपण होऊन चांगला माल काढून देतो यावर माझा विश्वास नाही. पण तपासायला आता माझ्याजवळ आहे काय? मुकाट्याने घेऊन आले.

२ सप्टेंबर

लवंग नाही, बाकी घेतलेच नाहीत.

काल महालक्ष्म्यांचं जेवण होतं. रागिणी आदल्या दिवशीच अकोल्याहून आली होती. माझ्या पाठची ही एकच बहीण, सहा वर्षांनी लहान. तिकडे शाळेत विज्ञान शिकवायची, जूनमध्ये निवृत्त झाली. आई म्हणायची, रुख्मीचं नाक मसाल्यात आणि रागिणीचं डोकं पुस्तकात. वाटणी तेव्हाच होऊन गेली. स्वयंपाकात तिला मी फार काही करू देत नाही.

पुरण आटत होतं. मी स्वतः कढईपाशी उभी होते, सराटा हातात, शेजारणीच्या सुनेशी बोलत होते. आणि रागिणी बैठकीतून पळत आली, गॅस बंद केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "अवं माय, जाता जाता मीच गॅस मोठा केला होता! मायीच चूक. जळलं पाहा!"

बुडाशी काळं झालं होतं. वरचं वरचं काढून घेतलं, वेलची जास्त घातली, निभावलं. जेवताना सगळ्या बाया रागिणीला हसल्या. मास्तरणीला प्रयोगशाळेतच ठेवा म्हणाल्या. तीही हसली.

गॅस तिने केव्हा मोठा केला ते मी पाहिलं नाही. पण तिच्या वेंधळेपणामुळे मी वाचले, हे खरं. आणि मी गप्प बसले. कढईपाशी मी होते, मला कळायला हवं होतं, एवढं एक वाक्य बोलले असते तर काय बिघडलं असतं? नाही बोलले. धाकट्या बहिणीला माझ्या घरात हसू दिलं. त्याची लाज रात्रभर पुरली.

६ ऑक्टोबर, सोमवार

महिनाभर या वहीत नुसतं 'नाही, नाही' लिहिलं आहे. पुढच्या सोमवारी दिवाळीचा घाणा. वर्षातला सगळ्यात मोठा.

त्यात रागिणीचा फोन. निवृत्तीच्या वेळी शाळेतल्या लोकांनी तिला कूपन दिलं म्हणे, अकोल्यातल्या त्या नव्या मोठ्या हॉटेलात दोन माणसांचा 'हाय टी'. दुपारी चार वाजता जायचं, साहेबी पद्धतीचा चहा, सोबत खायचं. पंधरा तारखेपर्यंतच चालणार आहे.

"चहा प्यायले अमरावतीहून अकोल्याले येऊ? तुया घरचा चहा संपला का?"

"ताई, आपण दोघी कधी बाहेर गेलो, सांग. फक्त दोघी. पोरं नाई, नवरे नाई, कोनाचं लग्न नाई."

मी आठवत राहिले. शाळेच्या वाटेनंतर एकदाही नाही.

"कूपन वाया जाईन," ती म्हणाली. वाया जाणं मला सहन होत नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. शनिवारी जाते. पण महालक्ष्म्यांपासून ती दर फोनवर 'तब्येत बरी हाय नं' विचारते, ते मला आवडत नाही. चहा प्यायचा, जिभेला गोड-आंबट कळतं तेवढ्यावर 'छान, छान' म्हणायचं आणि रविवारी परत यायचं.

११ ऑक्टोबर, शनिवार. अकोला, रागिणीच्या घरी

सगळं आजच लिहिते. उद्या माझ्याच लिहिण्यावर माझा विश्वास बसणार नाही.

बडनेऱ्याहून गाडी वेळेवर मिळाली. निळी इरकली नेसले होते, रागिणीने तिची मोतिया सिल्क काढली होती. हॉटेलात दारापासून गालिचा. खुर्ची इतकी मऊ की बसल्यावर टेबल माझ्या हनुवटीशी आलं. मग मी हात धुवायला गेले. तिथे नळ सापडला, पण तो चालू कसा करायचा ते सापडेना. बऱ्याच वेळाने कळलं, नुसता हात खाली धरायचा असतो.

परत आले तर टेबलावर लाकडी तबकात चिनी मातीच्या आठ डब्या मांडलेल्या, झाकणांवर मोठ्या अक्षरात नावं. वेलची, गुलाब, मोगरा, गवती चहा, असं. एक मुलगी आली. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं दामिनी. हसून म्हणाली, "काकू, आठही डब्यांचा वास घ्यायचा, जो आवडेल तो चहा मी करून आणते. आपल्याकडे पद्धतच आहे तशी."

जगात हजार प्रकारचे चहा असतील. मला जो प्यायला नेलं तो नाकाने प्यायचा होता.

"ताई, तू सांग," रागिणी म्हणाली. "आपल्या दोघींत नाक तुयं."

मग मी नाटक केलं. पहिली डबी उघडली, झाकणावर वेलची होती. हुंगलं, मान हलवली, "वा, वेलची अस्सल आहे." दुसरी गुलाब. आत सगळ्यांसारखीच काळी पत्ती, त्यात बारीक काहीतरी. आई करायची तसे डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि म्हटलं, "गुलाब. पण ताजा नाही, सुकवलेल्या पाकळीचा."

डोळे उघडले तर दामिनीचं हसू अर्ध्यावर थांबलेलं. तिने डबी घेऊन स्वतः हुंगली. "काकू, हा तर संत्र्याच्या सालीचा आहे! झाकणं बदलली वाटते. माफ करा हं. पण मी सोताच तर लावली होती, कशी बदलली?" आणि मग एकदम खुशीत येऊन, "मी शेंदूरजनाघाटची नं, मले तर हा वास झोपेतही समजते. घ्या, पुन्हा घ्या!"

शेंदूरजनाघाट. आमचं माहेर. बाबांची बाग होती तिथे. हंगामात घरात संत्र्यांचे ढीग लागायचे आणि आम्ही दोघी त्यांच्याच कडेला झोपायचो. शाळेत बाई म्हणायच्या, या पोरींच्या वह्यांनाही संत्र्याचा वास येतो. मी डबी पुन्हा नाकाशी नेली. जीव एकवटून श्वास घेतला. त्या डबीत माझं सगळं माहेर होतं, आणि मला काही म्हणजे काही आलं नाही.

रागिणी टेबलावरचा रुमाल पुन्हा पुन्हा घडी करत होती. तिने दामिनीला गरम पाणी आणायला पाठवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"नाक."

मला रडू फुटलं. समोर तीन मजली ताटं मांडून ठेवलेली, कडा कापलेले इवलेसे सँडविच, बोटाएवढे केक, आणि मी साठीची बाई त्या सगळ्यावर रडत होते. "जुलैपासून," म्हटलं. "कोनाले सांगू नोको."

तिने खुर्ची सरकवून माझा हात धरला. "पुरणाचा वास रस्त्यापर्यंत येऊन राहिला होता. अन् तू कढईपाशी हसत उभी. तेव्हा मायी खातरीच झाली."

"मंग तो गॅस तू..."

"मी काहून मोठा करू? मी तर बैठकीत होती."

"अन् सगळ्या बाया तुले हसल्या ते?"

"मी मास्तरीण हाय. मले पोळ्या येत नाईत म्हनून तीस वर्षं हसून राहिले लोक. मले चालते. तुले नसतं चाललं."

आपल्याला जे झाकायचं असतं ते आपणच झाकतो आहोत असं वाटत राहतं. मी म्हटलं, "रागिणी, तापानंतर मी तीन घाणे विकले. वास न घेता. लोकांले फसवलं मी."

"एक तरी तक्रार आली?"

"नाई."

"मंग कढई कोन उतरवत होतं?"

चक्कर. फोन. बरोबर खोबरं होत आलं की चक्कर, बरोबर धने झाले की फोन. मी मनातल्या मनात सगळे दिवस उलटे मोजत गेले. एकदाही ती चक्कर वेळेच्या आधी आली नव्हती, की नंतर.

"पोळ्याच्या दिवशी पार्वताबाईचा मले फोन आला," रागिणी म्हणाली. "बाई सांगत नाईत, मी कशी विचारू म्हने. रडत होती. म्हनून तर मी महालक्ष्म्यांले दोन दिवस आधी येतो म्हनत होती, तूच नाई म्हनली."

आणि नासिरभाईंचं ते मागे सरकवलेलं पोतं! ते सगळं माझ्या नाकासमोर चाललं होतं असं म्हणायचीही आता सोय नाही. हे मी मोठ्याने म्हटलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाजूच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

किती हलकं वाटलं ते लिहिता येत नाही. तीन महिने मला वाटत होतं, हे कळलं तर माझं काही उरणार नाही. कळलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मी भीती न बाळगता श्वास घेतला. त्यात वास नव्हता, पण श्वास तर होता.

दामिनी आली तेव्हा मी संत्र्याचाच चहा मागितला. ती थोडी बिचकली, मग समजल्यासारखं करून गेली. चहा जिभेला किंचित कडवट लागला, आणि गरम. रागिणीने तिचा कप नाकाशी धरला.

"सांगू कसा येऊन राहिला?"

"सांग."

"बाबा बागेतून यायचे नं, खांद्यावर ओलं गोनपाट घेऊन. तसा. मंग थोडासा तुया जुन्या दप्तराचा, ज्यात तू फोडी लपवून ठेवायची अन् मले द्यायची नाई." तिने पुन्हा हुंगलं. "अन् आता आईच्या हाताचा. सोलून सोलून पिवळे झाल्यावर कसा यायचा, तसा."

मी डोळे मिटून ऐकत होते. नाकात काही आलं नाही, पण ते ओलं गोणपाट मला दिसलं, आणि आईची नखं.

सँडविचच्या कापलेल्या कडांचं हे लोक काय करतात ते विचारायचं राहून गेलं. केक चांगले होते. निघताना रागिणीने पर्समधून पैसे काढून दिले. कूपन असताना? वरचे टॅक्स असतील. ही हॉटेलं असंच करतात. आणि ती झाकणं नेमकी आजच बदलावी, ही मात्र देवाचीच करणी. रागिणीला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "हाव नं ताई, देवाचीच," आणि खिडकीबाहेर बघून हसायला लागली. विज्ञान शिकवणाऱ्यांना देवाचं नाव काढलं की हसूच येतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी पार्वताबाई यायच्या आधीच मी भाषण तयार ठेवलं होतं. ती आली, पदर खोचला, चुलीपाशी बसली. मी म्हटलं, "पार्वताबाई, मला काही सांगायचं आहे. जुलैपासून मला..."

"मले मालूम हाय बाई," ती म्हणाली. "दगडफूल काढा अगोदर."

"तुला खरी चक्कर येत होती का गं?"

"एकदा आली खरी. गूळ खाऊन खाऊन."

ज्या पानावर मी तिच्या जागी दुसरी बाई पाहायचं लिहिलं होतं ते फाडावंसं वाटलं. नाही फाडलं. आपण किती शहाणे होतो ते अधूनमधून वाचायला राहू दे. दुपारी नासिरभाईंना फोन करून धने चांगले निघाल्याचं सांगितलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या मालाला चांगलं म्हटलं, त्यामुळे ते घाबरले आणि पुन्हा तब्येत विचारायला लागले. मग त्यांनाही सांगून टाकलं. "मले वाटलंच होतं भाभी," म्हणाले. "तुमी भांडल्या नाईत नं त्या दिवशी." गिऱ्हाइकांनाही सांगणार आहे. ज्यांना सोडून जायचं ते जातील.

रागिणी शनिवारी येते म्हणाली आहे, तराजू आणि घड्याळ घेऊन. आईचा मसाला मोजून कागदावर उतरवायचा म्हणते. पूर्वी असं बोलली असती तर मी तिला स्वयंपाकघरातून हाकललं असतं. आता म्हटलं, ये.

मोठी कढई चढवली. खोबरं पडलं. मी सराटा फिरवत राहिले. तीन महिने जे विचारायला जीभ उचलत नव्हती, ते विचारताना मला काहीच कष्ट पडले नाहीत. अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं:

"पार्वताबाई, वास आला का?"

ती कढईवर वाकली. घाई केली नाही. "थांबा थोडसं," म्हणाली. मी थांबले. मग म्हणाली, "आला बाई. उतरवा."

दोघींनी दोन कान धरून उतरवली.

लवंग: नाही. लिंबू: नाही. गुलाबपाणी: नाही. निलगिरी: झोंबलं.

खोबरं: आला. पार्वताबाईला.